लेन्सची नवी आवृत्ती घ्यावी का? आधी बाद केलेले फोटो उघडा

कॅननची १००-४०० मिमीची झूम लेन्स गळ्यात अडकवून पक्ष्यांच्या मागे फिरणाऱ्या नवख्याला पहिल्याच हिवाळ्यात कोणीतरी विचारतं, "अजून मार्क वनच (पहिलीच आवृत्ती)? मार्क टू (दुसरी) घेऊन टाक की राव." त्या दिवसापासून हातातली लेन्स एकदम सॉफ्ट, म्हणजे पुसट फोटो देणारी, वाटायला लागते. कालपर्यंत तीच लेन्स बरी होती.

त्या प्रश्नाचं उत्तर स्वतःचं स्वतः कसं काढायचं, ते इथे पायरीपायरीने सांगतो. उदाहरण म्हणून हीच जोडी घेतली, कारण शिकायला ती सोयीची आहे. पहिली आवृत्ती १९९८ ची, दुसरी नोव्हेंबर २०१४ मध्ये जाहीर झालेली. दोन्हींची फोकल लेंथ तीच, ॲपर्चर तेच (१०० ला एफ/४.५, ४०० ला एफ/५.६), माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडली जाते तो भाग) तोच ईएफ, पुढच्या फिल्टरचा व्यासही तोच ७७ मिमी. म्हणजे फरक उरतो तो आतल्या काचा, स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) आणि हाताळणी यांचा. तुमच्याकडे सोनी, निकॉन किंवा टॅमरॉन असेल तरी पद्धत हीच, आकडे तेवढे बदला.

पायरी १: बाद फोटोंचा पंचनामा

सुरुवात रिव्ह्यू वाचून करू नका. रिव्ह्यू लिहिणारा भिंतीवरचे तक्ते टिपतो, तुम्ही वेड्या राघूच्या मागे असता. सुरुवात स्वतःच्या बाद फोटोंपासून करा. घरी आल्या आल्या डिलीट करायची सवय असेल तर पुढच्या दोन-तीन फेऱ्यांपुरती ती थांबवा. 'बाद' नावाचा फोल्डर करा आणि सगळा कचरा त्यात टाका.

मग एकेक फोटो १०० टक्के झूमवर उघडा आणि तो का बाद झाला ते एका शब्दात लिहा. कारणं ओळखणं अवघड नाही. फांदी कडक शार्प पण पक्ष्याचं डोकं पुसट, म्हणजे पक्षी हलला आणि शटर स्पीड कमी पडला. फांदी, पान, पक्षी सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसतंय, म्हणजे हात हलला. पक्ष्याच्या मागचं गवत शार्प आणि पक्षी सॉफ्ट, म्हणजे फोकस चुकला. सगळ्याच कडा लहरत असल्यासारख्या, वितळल्यासारख्या दिसत असतील तर ती गरम हवेची झळ. भिगवणला उन्हं वर आल्यावर पाण्यावरून घेतलेले रोहितांचे (फ्लेमिंगोंचे) फोटो आणि ताडोब्यातले मे महिन्यातल्या दुपारचे फोटो हमखास यात सापडतात. पक्षी फ्रेममध्ये इतका लहान की क्रॉप करून दाणेच उरले, तर कारण 'लांब' असं लिहा. आणि लेन्स इकडून तिकडे फिरत राहिली, फोकस बसलाच नाही, कारण विषय फार जवळ होता, तर 'जवळ' असं लिहा. यातलं काहीच लागू होत नसेल आणि तरी फोटो मऊ असेल, तर 'सॉफ्ट' लिहा.

आता या कारणांतली नवी लेन्स किती दुरुस्त करते ते बघा. पक्षी हलला, याला कुठल्याच आवृत्तीत औषध नाही. दोन्हींचं ॲपर्चर सारखं, त्यामुळे मार्क टू एक थेंबभरही जास्त उजेड आत घेत नाही. झळीलाही औषध नाही. उलट जितकी लेन्स चांगली तितकी झळ स्पष्ट दिसते. 'लांब' चा इलाज नवी आवृत्ती नाही, ४०० म्हणजे ४००च. तिथे एकतर जवळ जायला शिकायचं, नाहीतर मोठ्या फोकल लेंथची वेगळी लेन्स बघायची. उरले तीन प्रकार: हात हलणं, सगळं नीट असूनही सॉफ्टपणा, आणि 'जवळ'. या तिघांची बेरीज फोल्डरमधल्या निम्म्या फोटोंच्या आसपास जात असेल तरच पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत. फोकस चुकण्याचा विषय निराळा आहे, तो बहुतेक वेळा बॉडीपाशी, म्हणजे कॅमेऱ्यापाशी, जाऊन पोचतो. त्याबद्दल पुढे बोलू.

पायरी २: आकडे आपल्या भाषेत आणा

मार्क वनचं स्टॅबिलायझेशन सुमारे दोन स्टॉपचं, मार्क टूचं चार स्टॉपचं, असं कंपनी सांगते. (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा.) हे ऐकायला छान वाटतं, पण हिशेब मांडल्याशिवाय त्याला अर्थ नाही. समजा तुमची बॉडी कॅननची एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरची, आहे. ४०० गुणिले १.६ म्हणजे ६४०. हातात धरून फोटो काढायचा तर जुन्या नियमाप्रमाणे (एक भागिले फोकल लेंथ) शटर स्पीड निदान १/६४० हवा. दोन स्टॉपची मदत मिळाली की तो १/१६० वर येतो, चार स्टॉपची मिळाली की १/४० वर. झाडावर गपचूप बसलेलं घुबड, पहाटेच्या अंधुक उजेडातला वाघ, पाणवठ्यावर थबकलेला सांबर, इथे हा फरक सरळ पदरात पडतो.

पण उडणाऱ्या रोहिताला तुम्ही १/२००० च्या आसपासच ठेवणार. तिथे दोन स्टॉप काय आणि चार काय! पंख गोठवायचं काम शटर करतं, स्टॅबिलायझेशन नाही. भिगवणच्या नावेतल्या हिंदकळ्यांचंही तसंच. नावाड्याला "काका, जरा थांबवा की" असं सांगणं हा तिथला सगळ्यात स्वस्त उपाय. ताडोब्यात जिप्सीच्या ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगणं हा दुसरा. चालू इंजिनाची थरथर भल्याभल्या लेन्सला पुरून उरते.

दुसरा आकडा किमान अंतराचा, आणि माझ्या मते या दोन आवृत्त्यांमधला खरा मोठा फरक हाच. मार्क वन १.८ मीटरच्या अलीकडे फोकस करत नाही. मार्क टू ९८ सेंटिमीटरपर्यंत येते. मॅग्निफिकेशन (वस्तू सेन्सरवर किती मोठी पडते ते) ०.२ वरून ०.३१ वर गेलं. हे मोजून बघा: एपीएस-सी बॉडीवर मार्क वनने जास्तीत जास्त जवळून घेतलेल्या फ्रेमची रुंदी सुमारे ११ सेंटिमीटर भरते, मार्क टूने ती सुमारे ७ सेंटिमीटर होते. मध्यम आकाराचं फुलपाखरू पंख पसरून बसलं तर पहिलीत त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळं पान दिसेल, दुसरीत फुलपाखरूच फ्रेमभर. पावसाळ्यात आंबोलीला जाणाऱ्यांनी हा आकडा अधोरेखित करून ठेवावा. मलबारी चापड्यासारख्या विषारी सापाला मॅक्रो लेन्स घेऊन नाकासमोर जाण्यापेक्षा मीटरभर लांबून नीट टिपता येणं केव्हाही बरं. ज्याला पक्ष्यांबरोबर चतुर, फुलपाखरं, सरडेही हवेत, त्याला मार्क टू जवळजवळ दुसरी लेन्स फुकट देते.

तिसरी गोष्ट हाताळणीची. मार्क वनला झूमची रिंग फिरवायची नसते, पुढची नळी ढकलायची-ओढायची असते. काहींना हा प्रकार अजिबात झेपत नाही, तर काहींचा जीव त्यावर आहे. समोरून पक्षी उडाला की एका झटक्यात १०० वरून ४०० वर जाता येतं. सायकलच्या पंपासारखी ती धूळ आत ओढते, अशी तिची ख्याती आहे. आतले धुळीचे चार कण फोटोत दिसत नाहीत, त्यामुळे एवढ्या एका कारणासाठी लेन्स बदलायची गरज नाही. मार्क टूला नेहमीसारखी फिरणारी रिंग आहे. स्टॅबिलायझेशनचा तिसरा मोडही आहे, त्यात ते फक्त फोटो घेतानाच काम करतं. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र अडखळत नाही, त्यामुळे उडत्या पक्ष्यामागे लेन्स फिरवणं सोपं जातं.

आणि वजन. नवी म्हणजे हलकी असं गृहीत धरू नका. मार्क वन सुमारे १३८० ग्रॅम, मार्क टू सुमारे १५७०, तीही ट्रायपॉडचा पाय सोडून. सिंहगडच्या पायवाटेवर भरलेल्या सॅकमध्ये हा फरक जाणवतो.

पायरी ३: फुकटचे उपाय आधी

लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढा. मार्क वनवर स्वस्तातला फिल्टर लावला की ४०० ला चित्र मऊ पडतं, ही तक्रार फार जुनी आहे. "लेन्स सॉफ्ट आहे" म्हणून आलेल्या कित्येकांचं दुखणं तो फिल्टर काढल्यावर बरं झालेलं मी पाहिलंय. संरक्षणासाठी हूड (लेन्सच्या पुढे लावायची पोकळ नळी) लावा, ते काम हूड जास्त चांगलं करतो.

मग ॲपर्चर. मार्क वन ४०० ला एफ/५.६ वर थोडी मऊ असते, एफ/८ ला सुधारते. मार्क टू एफ/५.६ वरच शार्प. याची किंमत किती, तर एक स्टॉप. पहाटे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० वर भागत होतं तिथे ३२०० करावा लागेल. तुमचे बहुतेक फोटो चांगल्या उन्हातले असतील तर एफ/८ लावा आणि पैसे वाचवा. पहाट आणि संध्याकाळ हीच तुमची वेळ असेल, तर तो एक स्टॉप महागात जातो आणि मार्क टूचं पारडं जड होतं.

डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) वापरत असाल तर मेनूमध्ये ऑटोफोकस मायक्रोॲडजस्टमेंट आहे का बघा. ७डी, ५डी मार्क टू, ८०डी यांसारख्या बॉडींत ती आहे, ६०डीमध्ये नाही. बॉडी आणि लेन्स यांचं जुळलं नाही की फोकस दर वेळी थोडा पुढे किंवा थोडा मागे पडतो, आणि नवखा माणूस खापर काचेवर फोडतो. जमिनीवर पट्टी तिरकी ठेवून, ट्रायपॉडवरून, एका खुणेवर फोकस करून चार-पाच फोटो काढा. शार्प भाग दर वेळी खुणेच्या मागेच पडत असेल तर दुरुस्ती मेनूत आहे. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, बॉडीत हा प्रश्न येत नाही, कारण फोकस सेन्सरवरच मोजला जातो.

पायरी ४: दोन दिवस भाड्याने आणा

पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक अशा शहरांत लेन्स भाड्याने मिळतात. ओळखपत्र आणि डिपॉझिट लागतं. घेताना दुकानदारासमोर काचेचे, माउंटचे आणि बॉडीचे फोटो काढून ठेवा, परत देताना वाद नको. शनिवार-रविवारसाठी मार्क टू आणा आणि दोन्ही लेन्स एकाच बॉडीवर लावून बघा. दोन वेगवेगळ्या बॉडींवरची तुलना निरर्थक.

घरात किंवा गच्चीवर वर्तमानपत्राचं पान भिंतीला ताणून चिकटवा. छोट्या जाहिरातींचं पान उत्तम, बारीक टाइप कोपऱ्यापर्यंत असतो. ट्रायपॉड, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर, लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघून) फोकस. ४०० ला एफ/५.६ आणि एफ/८, मग २५० च्या आसपास, मग १००. मध्यभाग आणि कोपरे दोन्ही बघा, पण कोपऱ्यांवरून जीव टाकू नका. पक्ष्याच्या फोटोत कोपऱ्यात बहुधा आकाश असतं.

मग ट्रायपॉड बाजूला ठेवा आणि हातात धरून १/१६० वर दहा, १/८० वर दहा, १/४० वर दहा असे दोन्ही लेन्सनी फोटो काढा. किती शार्प आले ते मोजा. दोन आणि चार स्टॉप हे कंपनीच्या हातांचे आकडे, तुमच्या हातांचे यातून कळतात. कोणाचे हात जात्याच स्थिर असतात, कोणाला दमल्यावर १/३२० वरही जमत नाही.

रविवारी नेहमीच्या जागी जा. नव्या जागी नाही. पाषाण तलाव असो की घरामागचं शेत, जिथला उजेड आणि जिथले पक्षी ओळखीचे आहेत तिथेच. संध्याकाळी पुन्हा 'बाद' फोल्डर भरा आणि पहिल्या यादीशी ताडून बघा. 'हात हलला', 'सॉफ्ट', 'जवळ' हे शब्द खरोखर कमी झाले का? न झाल्यास लेन्स परत करा. भाड्यापोटी गेले तेवढेच.

पायरी ५: बॉडी बदलायचा विचार आहे का?

हा प्रश्न खरं तर लोक सगळ्यात शेवटी विचारतात आणि मग पस्तावतात. कॅननचा ईएफ माउंट १९८७ चा, आरएफ माउंट २०१८ मध्ये आला. ईएफ लेन्स ॲडॉप्टर लावून आरएफ बॉडीवर चालते. ॲडॉप्टरमध्ये काच नसते, त्यामुळे चित्राचा दर्जा उतरत नाही. उलट मात्र होत नाही: आरएफ लेन्स जुन्या डीएसएलआरवर बसत नाही.

तुमच्या यादीत 'फोकस चुकला' हा शब्द सगळ्यात जास्त वेळा आला असेल, तर मार्क टूवर पैसे घालण्याआधी बॉडीचा विचार करा. २०२० च्या आर५, आर६ आणि २०२२ ची आर७ या बॉडी प्राण्या-पक्ष्यांचा डोळा शोधून त्यावर फोकस धरतात, आणि हे काम जुन्या ईएफ लेन्सवरही करतात. फांद्यांच्या जाळीत बसलेल्या नाचणाच्या डोळ्यावर चौकोन बसलेला एकदा पाहिला की लेन्स बदलायची घाई आपोआप कमी होते. फक्त एक बघून घ्या. सेकंदाला जास्तीत जास्त फ्रेम कोणत्या लेन्सवर मिळतात याची यादी कॅनन प्रत्येक बॉडीसाठी देते. तुमची लेन्स त्यात आहे का ते तपासा.

बॉडी आधीच मिररलेस असेल तर मार्क टूला आणखी दोन स्पर्धक आहेत. २०२० ची आरएफ १००-५०० शंभर मिलिमीटर जास्त देते, पण ५०० ला ॲपर्चर एफ/७.१. तिची किंमत ऐकून घरात बोलणी खावी लागतात ते वेगळंच. २०२१ ची आरएफ १००-४०० फक्त ६३५ ग्रॅमची आहे, ८८ सेंटिमीटरपर्यंत जवळ येते, पण ४०० ला एफ/८, म्हणजे मार्क टूपेक्षा एक स्टॉप अंधारी. दिवसाउजेडी फिरणाऱ्याला, खांदे दुखणाऱ्याला, ट्रेकरला ही लहान लेन्स मी डोळे झाकून सांगेन. पहाटेच्या जंगलासाठी नाही.

पायरी ६: पैशांचा खरा हिशेब

नव्या लेन्सची किंमत हा तुमचा खर्च नाही. नवीची किंमत वजा जुनीचे हातात येणारे पैसे, अधिक किरकोळ, हा खर्च. हिशेबापुरते आकडे घ्या: जुनी ३५ हजारांना गेली आणि सेकंडहँड मार्क टू ९० ला मिळाली, तर फरक ५५ हजारांचा. मग स्वतःला विचारा, हे ५५ हजार दुसरीकडे कुठे लागतील? चांगला ट्रायपॉड आणि हेड, बीनबॅग (लेन्स टेकवायची भरलेली पिशवी), ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) आणि वर ताडोब्याच्या सफारी. माझं मत विचाराल तर पहिल्या दोन वर्षांत जंगलात जास्त दिवस घालवणं हे कुठल्याही मार्क टूपेक्षा फोटो जास्त सुधारतं. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर ड्राय कॅबिनेट आधी, लेन्स नंतर. बुरशी आवृत्ती बघून लागत नाही.

जुन्याच्या बाजूनेही एक धोका मोजा. १९९८ च्या डिझाइनची लेन्स उद्या बिघडली तर सुटे भाग मिळतीलच असं नाही. सर्व्हिस सेंटरला आजच फोन करून विचारा. "नाही" असं उत्तर आलं तर चालू स्थितीत असतानाच ती विकण्यात शहाणपण आहे, कारण स्टॅबिलायझेशन बंद पडलेल्या मार्क वनला गिऱ्हाईक मिळणं कठीण.

नवी घेताना बिल जीएसटीचं घ्या आणि भारतातली वॉरंटी आहे का ते विचारा. ग्रे मार्केटमधला (अधिकृत विक्रेत्याला वगळून आलेला) माल स्वस्त पडतो, पण दुरुस्तीच्या वेळी दारोदार फिरावं लागतं.

पायरी ७: सेकंडहँड घेताना

भेट दिवसा ठरवा, आपली बॉडी बरोबर न्या. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने लेन्समध्ये मारा आणि पुढून तिरक्या नजरेने बघा. धुळीचे सुटे ठिपके असले तर हरकत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. एकसारखं दुधाळ धुकं दिसलं तरी नको म्हणा. माउंटजवळचे स्क्रू बघा, त्यांच्या खाचा ओरबाडलेल्या असतील तर लेन्स कोणीतरी उघडलेली आहे.

मार्क वन घेत असाल (हो, नवख्याने सेकंडहँड मार्क वन घेणं हा अजूनही चांगला सौदा ठरू शकतो) तर माउंटच्या मागच्या भागावर बारीक छापलेला कोड शोधा. जुन्या कॅनन लेन्सवर दोन अक्षरं आणि काही आकडे असतात. पहिलं अक्षर कारखान्याचं, 'यू' म्हणजे जपानमधलं उत्सुनोमिया. दुसरं अक्षर वर्षाचं: 'एम' १९९८, 'एस' २००४, 'डब्ल्यू' २००८, 'झेड' २०११. "दोनच वर्षं वापरली" असं सांगणाऱ्यासमोर हा कोड शांतपणे वाचून दाखवला की किंमत खाली येते.

मग लेन्स लावा. स्टॅबिलायझेशन चालू करून शटर अर्धं दाबा आणि कान द्या. हलकी घरघर चालते, खडखड नाही. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर होतंय का, उडी मारतंय का ते बघा. जवळच्या वस्तूवरून लांबच्या टॉवरवर आणि परत, असा फोकस निदान वीस वेळा मागेपुढे करा. झूम १०० ते ४०० पूर्ण करताना मध्ये कुठे अडकतं का, टेन्शनची रिंग (झूम घट्ट करणारी) आवळल्यावर नळी खरंच थांबते का, तेही पाहा. शेवटी एफ/८ लावून डेप्थ ऑफ फील्डचं बटण दाबा आणि ॲपर्चरची पाती एकसारखी मिटतायत का, त्यांवर तेल आलंय का ते समोरून बघा.

सौदा झाला तरी जुनी लेन्स लगेच विकू नका. नवीबरोबर दोन फेऱ्या होऊ द्या, दडलेले दोष तेवढ्यात बाहेर पडतात. विकताना मूळ बिल, खोका, पाऊच आणि हूड जमवून ठेवा. ७७ मिमीचे फिल्टर नव्या लेन्सला चालतील, ते स्वतःकडे ठेवले तरी चालेल. हूड मात्र दोन्ही आवृत्त्यांचे वेगळे आहेत, मार्क वनचा ईटी-८३सी आणि मार्क टूचा ईटी-८३डी, तेव्हा जुना हूड जुन्या लेन्सबरोबरच द्या.